‘काळ सोकावतो’ मधले ‘सोकावणे’ : नेमका अर्थ आणि पत्रव्यवहारातला वापर

प्रश्न : सचिव, ठाणे

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी यंदा सचिव आहे. एका पत्राच्या मसुद्यातील एका क्रियापदावरून आमच्या समितीत मतभेद झाला आहे, म्हणून जाणकारांपुढे हा प्रश्न मांडत आहे.

प्रकरण असे आहे. तळमजल्यावरच्या एका सदस्यांनी तीन वर्षांपूर्वी जिन्याखालच्या सामाईक जागेत चपलांचा एक लहानसा कप्पा ठेवला. पावसाळ्याचे दिवस होते, ओल्या चपला घरात नेणे कोणालाच आवडत नाही, त्यामुळे कोणी काही बोलले नाही. दिवाळीनंतर कप्प्याशेजारी मुलाची सायकल आली. पुढच्या वर्षी जुने लोखंडी कपाट आले, काही दिवसांनी त्या कपाटाला कुलूप लागले आणि गेल्या महिन्यात तिथे जाळीचा दरवाजा बसला. पाण्याच्या मीटरची पेटी आता त्या दरवाजाच्या आड गेली असून मीटर पाहायला येणाऱ्या माणसाला किल्लीसाठी त्या घराची बेल वाजवावी लागते.

मी पत्रात लिहिले होते : ‘सुरुवातीलाच हरकत न घेतल्यामुळे आपण सोकावला आहात.’ यावर तीन आक्षेप आले. एका तरुण सदस्याला हा शब्द ‘शोक’ वरून आला आहे असे वाटत होते. ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ या म्हणीचा अर्थ त्याने ‘म्हातारी गेल्याचा काळालाही शोक होतो’ असा लावला होता. एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते हा शब्द गुराढोरांसाठी वापरतात, त्यामुळे माणसाला उद्देशून तो लिहिणे अपमानकारक आहे. तिसऱ्यांचे म्हणणे असे की ‘अतिक्रमण’ हा शब्द असताना दुसऱ्या शब्दाची गरजच नाही. मला मात्र राहून राहून वाटते की जे घडले ते ‘अतिक्रमण’ या शब्दात पूर्ण येत नाही. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय आणि ते अशा पत्रात चालेल का, हे कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, सातारा

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण हा शब्द आता बहुतेक त्या एका म्हणीपुरताच उरला आहे आणि म्हणीतही तो अनेकांना कळेनासा झाला आहे.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. अर्थाच्या दृष्टीने ‘शोक’ आणि ‘सोकावणे’ यांचा काहीही संबंध नाही. गोंधळ होतो तो म्हणीच्या पहिल्या अर्ध्यात ‘दुःख’ हा शब्द आल्यामुळे. दुःखाशेजारी ‘सोक’ असा उच्चार ऐकला की मन आपोआप शोकाकडे वळते. त्यातच ‘काळ’ म्हणजे वेळ असे समजले की सगळाच अर्थ बिघडतो. इथे काळ म्हणजे मृत्यू, यम. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत काळ आणि वेळ हे दोन्ही शब्द शेजारी ठेवून आपल्या भाषेने त्यांतला फरक स्वच्छ दाखवला आहे. म्हातारीचे वय झालेले होते, तिचे जाणे घर सोसेल. परंतु तिला नेताना काळाला कोणी अडवले नाही, त्याने घर पाहिले, वाट पाहिली, आणि आता तो पुन्हा येईल तेव्हा म्हातारीच्याच वयाचे माणूस शोधेल याची खात्री नाही. हे भय त्या एका क्रियापदात आहे.

म्हणून मी वर्गात अर्थ सांगताना असे सांगत असे की एखादी गोष्ट एकदा करून पाहिली, ती खपून गेली, तिच्यात लाभ झाला आणि अडवणारे कोणी भेटले नाही, म्हणजे ती पुन्हा पुन्हा आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक करण्याचे धाडस अंगी येणे, याला सोकावणे म्हणतात. सवय आणि धीटपणा या दोन्ही गोष्टी त्यात हव्यात. नुसती सवय झाली तर आपण ‘सरावणे’ म्हणतो. डोळे अंधाराला सरावतात, तिथे कोणाचाही अपराध नसतो.

आता या क्रियापदाच्या घडणीकडे पाहावे. मंदावणे, थंडावणे, रोडावणे, खालावणे, सुस्तावणे, लाडावणे, निर्ढावणे ही सगळी एका वळणाची क्रियापदे आहेत आणि त्यांतली क्रिया सहसा एका क्षणात उरकत नाही, ती हळूहळू होते. पाऊस मंदावतो, माणूस आजाराने रोडावतो, तसाच एखादा सोकावतो. त्यामुळे ‘तो काल अचानक सोकावला’ हे वाक्य मराठी कानाला खटकते, आणि ‘तो सोकावत चालला आहे’ हे वाक्य सहज येते. कप्प्यापासून जाळीच्या दरवाजापर्यंत तीन वर्षांत जे घडले त्याला हाच शब्द आपल्याला सुचला, यात आश्चर्य नाही.

प्रयोगही लक्षात घ्यावा. हे अकर्मक क्रियापद आहे, म्हणून ‘त्याने सोकावले’ असे होत नाही, ‘तो सोकावला’ असेच होते. ज्या गोष्टीची चटक लागली तिला ‘ला’ हा प्रत्यय लागतो : मांजर दुधाला सोकावले, पोरगे उधारीला सोकावले. म्हणीत मात्र काळ कशाला सोकावतो हे सांगितलेलेच नाही, आणि ती जागा रिकामी ठेवल्यामुळेच म्हण इतकी अंगावर येते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ‘मी सोकावलो’ असे कोणी म्हणत नाही. हा शब्द नेहमी दुसऱ्याविषयी, आणि त्यातही ज्याला त्याचा त्रास झाला त्याच्याच तोंडी येतो. शिवाय तो फार वेळा ‘सोकावू देणे’ या रूपात येतो : ‘त्याला सोकावू देऊ नका’, ‘आपणच त्याला सोकावू दिले’. एकाने पाऊल पुढे टाकले आणि दुसऱ्याने डोळेझाक केली, या दोन्ही गोष्टी घडल्याखेरीज कोणी सोकावत नाही, आणि हे क्रियापद उच्चारताच डोळेझाक करणाराही त्या वाक्यात येऊन उभा राहतो. ‘अतिक्रमण’ या शब्दात तो नाही. आपल्याला जे अपुरे वाटत होते ते हेच असावे.

शब्द केवळ जनावरांसाठी आहे हा आक्षेप मला मान्य नाही. काळ हे जनावर नव्हे, आणि लाच घेणारा कारकून किंवा परत न करण्यासाठीच पैसे मागणारा नातेवाईक यांच्याबद्दल हा शब्द आम्ही घरीदारी ऐकत आलो आहोत. पत्रात तो लिहायला माझी हरकत नाही.

उत्तर : शेतकरी, अमरावती जिल्हा

बाईंनी सांगितलेला अर्थ बरोबरच आहे, पण शब्द जनावरांचा आहे असे म्हणणारे ज्येष्ठ सदस्यही पूर्ण चुकलेले नाहीत. आमच्या घरी हा शब्द मी प्रथम ऐकला तो गुरांच्या संदर्भातच, आणि आमच्याकडे जुनी माणसे ‘सोकणे’ असेही म्हणत.

चरायला सोडलेले ढोर वाटेने जाताना धुऱ्याच्या कडेचे चार तोंडे हिरवे खाते, त्याला कोणी सोकणे म्हणत नाही. तेच ढोर उभ्या पिकात एकदा शिरले, पोटभर खाऊन बाहेर आले आणि पाठीत काठी बसली नाही, की दुसऱ्या दिवशी ते कळप सोडून नेमके त्याच शेताकडे वळते. तिसऱ्या दिवशी ते कुंपण वाकवते. अशा गाईच्या गळ्यात मग लाकडाचे लोढणे अडकवावे लागे, म्हणजे पळताना ते पुढच्या पायांवर आदळून तिची धाव मोडे. ‘गळ्यात लोढणे’ हा वाक्प्रचार आज सगळे वापरतात, पण ते लोढणे सोकलेल्या गुरासाठी असे, हे किती जणांना ठाऊक असेल याची मला शंका आहे. आजोबा म्हणत की लोढणे गाईच्या गळ्यात दिसते, पण चूक गुराख्याची असते.

माणसांबद्दल सांगायचे तर आमच्या शेताचा धुरा, म्हणजे पश्चिमेकडे ज्याला बांध म्हणतात तो, हे माझ्यासमोरचे उदाहरण आहे. माझ्या लहानपणी त्या धुऱ्यावरून दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकत आणि त्याच्या बरोबर मध्यावर एक बोर होती. शेजारचे शेतकरी दरवर्षी नांगरताना शेवटचे एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, धुऱ्याच्या अंगावर घेत. एक तास म्हणजे केवढे, वीतभर माती. वीतभर मातीसाठी शेजाऱ्याशी भांडायचे नाही, असे वडिलांनी ठरवले होते. पावसात कडा ढासळत, पुढच्या वर्षी नांगर त्या ढासळलेल्या मातीवरून फिरे आणि तिथून पुन्हा एक तास पुढे जाई. बोरीची मुळे आधी उघडी पडली, मग एका बाजूची मुळे फाळाने तुटली, आणि ज्या वर्षी मी शेतीत लक्ष घालू लागलो त्या वर्षी ती बोर शेजाऱ्यांच्या तुरीत उभी होती. आमच्याकडे उरलेल्या धुऱ्यावर एका पावलाची जागा होती.

शेवटी रीतसर अर्ज करून सरकारी मोजणी आणली, हद्दीच्या खुणा पक्क्या केल्या आणि वाद मिटला. परंतु मोजणीच्या दिवशी वडील जे बोलले ते या चर्चेत सांगण्यासारखे आहे. ते म्हणाले की पहिल्या तासालाच मी हाक मारली असती तर तो सोकला नसता आणि आज आपल्याला चारचौघांत उभे राहावे लागले नसते. त्यांनी ‘त्याने धुरा कोरला’ असे म्हटले असते तर ती तक्रार झाली असती. ‘तो सोकला’ म्हटल्यामुळे त्यात त्यांची स्वतःचीही कबुली आली.

म्हणून बाईंच्या उत्तरात एक भर घालावीशी वाटते. पहिल्या तासाला आम्ही ‘सोकणे’ म्हणत नाही, आणि पहिल्या कप्प्यालाही तो शब्द लागत नाही. कप्पा ठेवणारा कदाचित खरोखरच गरजेपोटी ठेवत असेल. पहिल्या वेळी कोणी न बोलल्यावर जी दुसरी वेळ येते, तिथून हा शब्द सुरू होतो.

उत्तर : वाचक, जुन्नर

‘चटावणे’ आणि ‘सोकावणे’ यांतील फरक आमच्या तालुक्यात रोजच्या बोलण्यात ऐकू येतो, म्हणून थोडे लिहितो. इकडे उसाच्या फडांत बिबटे राहतात, त्यांची पिल्ले उसातच जन्मतात आणि वाढतात. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र याच तालुक्यात आहे. बिबट्या कुत्र्यांना चटावला असे म्हटले की त्याच्या जिभेला लागलेल्या चवीविषयी बोलणे होते. बिबट्या वाडीला सोकावला असे म्हटले की त्याला आता वाडीत यायची भीती उरलेली नाही, कुठल्या गोठ्याचे दार मोडके आहे आणि कुठल्या अंगणात रात्री दिवा नसतो हे त्याला कळले आहे, असा अर्थ होतो. पहिले वाक्य ऐकून माणूस हळहळतो, दुसरे ऐकले की गोठ्याचे दार दुरुस्त करायला घेतो. रक्ताला चटावलेला वाघ म्हणतात तो चवीमुळे. वाट आणि संधी यांची सवय झाली की सोकावणे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : सचिव, ठाणे

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. धुऱ्यावरच्या बोरीचे वर्णन मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवले आणि काही क्षण कोणीच बोलले नाही. एक शंका उरते. ‘शेफारणे’ आणि ‘निर्ढावणे’ हे पर्यायही सुचवले गेले आहेत. ते इथे चालतील का, आणि पत्रात शेवटी काय लिहावे?

उत्तर : भाषांतरकार, पुणे

मी गेली अनेक वर्षे करारनामे आणि नोटिसा यांची भाषांतरे करतो, त्यामुळे आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी माझे मत स्पष्ट आहे, आणि ते सातारच्या बाईंच्या मतापेक्षा वेगळे आहे.

आधी शब्दांविषयी. ‘शेफारणे’ स्तुतीने किंवा फाजील लाडाने होते. शेफारलेल्या मुलाला कोणीतरी डोक्यावर चढवलेले असते, तर सोकावलेल्याचे कौतुक कोणी केलेले नसते, त्याला केवळ कोणी थांबवलेले नसते. आपल्या सदस्यांना समितीने डोक्यावर घेतले नव्हते, म्हणून हा शब्द बसत नाही. ‘निर्ढावणे’ ही फार पुढची पायरी आहे; तिथे लाज आणि भीती दोन्ही झिजून गेलेली असतात आणि बोलणी खाऊनही माणसावर परिणाम होत नाही. आपण अजून त्यांना एकदाही बोललेला नाहीत, मग ते निर्ढावले हे कशावरून ठरवणार?

‘अतिक्रमण’ या शब्दाला मात्र आपण कमी लेखू नये. ‘क्रम’ म्हणजे पाऊल टाकणे, आणि अतिक्रमण म्हणजे पाऊल पलीकडे पडणे. मर्यादेविषयी बोलताना मराठीने पाय कधी सोडलेला नाही : पायरी सोडणे, पायरी ओळखून वागणे, अंथरूण पाहून पाय पसरणे, आणि ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’. आधी चंचुप्रवेश आणि मग मुसळप्रवेश, यात तेवढी पायाऐवजी चोच आली आहे. ओसरीच्या म्हणीचा अर्थ आपल्या प्रकरणाच्या फार जवळचा आहे, परंतु तिच्यात एका जातीचा उल्लेख असल्यामुळे आज ती कोणाला उद्देशून वापरू नये असे मला मनापासून वाटते. ‘सोकावणे’ या शब्दाने तो अर्थ कोणाच्याही जातीला हात न लावता सांगता येतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

अशी वेळच येऊ नये म्हणून काय करावे, याविषयी मराठीतला सर्वांत विचारी मजकूर म्हणून मला मराठेशाहीतले मुत्सद्दी रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्राची आठवण होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या या राजनीतिपर लेखनात साहुकार ही राज्याची शोभा म्हटली आहे, पण फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) या टोपीकर, म्हणजे युरोपीय, व्यापाऱ्यांना इतर सावकारांसारखे मानू नये असा इशारा दिला आहे. त्यांनी यावे, व्यापार करावा आणि जावे. वखारीला जागा द्यावीच लागली तर ती समुद्रकिनारी आणि खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत खोलगट ठिकाणी द्यावी आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत, असे त्याचे सार आहे. हा उल्लेख मी शब्दासाठी करत नाही, त्यामागच्या समजुतीसाठी करतो. वखार चालेल, पक्की इमारत चालणार नाही, ही रेघ त्यात आधीच आखलेली आहे. पाहुण्याच्या हेतूची परीक्षा घेत बसण्यापेक्षा यजमानाने आपली हद्द पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी, हे त्या उपदेशाचे मर्म आहे. कपाटाला कुलूप लागले त्या दिवशी आपल्या समितीने ही रेघ आखायला हवी होती.

आता पत्राविषयी. ‘आपण सोकावला आहात’ हे व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष वाक्य आहे, तरीही ते पत्रात नसावे. पत्र मिळणाऱ्या माणसाला उत्तर देता येईल असेच विधान पत्रात असावे, असे मी नेहमी सांगतो. दरवाजा कधी बसवला, त्याने किती जागा व्यापली, मीटरची पेटी अडली की नाही, याला तो उत्तर देऊ शकतो. तो सोकावला की नाही याचे उत्तर तो देऊ शकत नाही, कारण तो त्याच्या स्वभावावर आपण केलेला निवाडा आहे. शिक्षिकाबाईंनीच म्हटल्याप्रमाणे हा शब्द कोणी स्वतःविषयी वापरत नाही. मग समोरच्याने तो मान्य कसा करावा? हा शब्द बैठकीत बोलावा, घरात बोलावा, लेखात तर अवश्य वापरावा, परंतु नोटिशीत आणू नये. जागेसाठी ‘अतिक्रमण’ किंवा त्याहून सौम्य ‘विनापरवाना वापर’, आणि समितीच्या दुर्लक्षाविषयी एक प्रामाणिक वाक्य, एवढे पुरेसे आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, सातारा

पुण्याच्या सद्गृहस्थांचे म्हणणे मला पटले आणि मी माझ्या आधीच्या उत्तरातील शेवटचे वाक्य मागे घेते. शब्द योग्य असणे आणि तो त्या माणसाला लिहिण्याजोगा असणे यांत फरक आहे, तो माझ्या लक्षात यायला हवा होता. फक्त एक विनंती आहे. आपल्या समितीतल्या त्या तरुण सदस्याला म्हणीचा अर्थ अवश्य समजावून सांगावा. त्याने चुकीचा का होईना, पण अर्थ लावून पाहिला. आजकाल पुष्कळ जण न कळलेली म्हण तशीच सोडून देतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : सचिव, ठाणे

काल पत्र दिले. मसुद्यात अखेर असे लिहिले : ‘जिन्याखालील सामाईक जागेत प्रथम ठेवलेल्या कप्प्यास समितीने हरकत घेतली नाही आणि त्यानंतर ठेवलेल्या वस्तूंविषयीही आपणास काही कळवले नाही, ही समितीची चूक आहे. तथापि जाळीच्या दरवाजामुळे पाण्याच्या मीटरपर्यंत जाण्याचा मार्ग बंद झाला असल्याने दरवाजा व कपाट पंधरा दिवसांच्या आत काढावे. पावसाळा संपेपर्यंत चपलांचा कप्पा ठेवण्यास समितीची हरकत नाही.’

शेवटचे वाक्य त्या ज्येष्ठ सदस्यांनी सुचवले. तरुण सदस्याला म्हणीचा अर्थ सांगितला तेव्हा त्याने विचारले की मग या प्रकरणात म्हातारी कोणती, आणि मी त्याला चपलांचा कप्पा दाखवला.